आयडलिंगला इंजिन थरथरणे

गाडी जागेवर उभी असताना आणि ॲक्सिलरेटर पूर्ण सोडलेला असताना इंजिन सम लयीत न फिरता हिसके देत चालणे आणि ते हादरे स्टिअरिंग, आसन व गिअरच्या दांड्यापर्यंत पोहोचणे, असे या दोषाचे स्वरूप आहे. गॅरेजच्या बोलीत ‘गाडी मिसिंग मारते’ असे सरसकट म्हटले जाते. पण प्रत्येक थरथर मिसिंगची नसते. कधी एखाद्या सिलिंडरमधील ज्वलनात खंड पडतो (हेच खरे मिसिंग), तर कधी ज्वलन व्यवस्थित असूनही इंजिनाचे नेहमीचे कंपन सांगाड्यापासून अडवणारी माउंटिंग निकामी झालेली असते. ही दोन कारणे आधी वेगळी न करता प्लग (ठिणगी पाडणारा), कॉइल (त्याला उच्च दाबाची वीज देणारी) आणि इंजेक्टर (इंधन फवारणारा) एकामागून एक बदलत जाणे ही या दुरुस्तीतील नेहमीची आणि महाग पडणारी चूक आहे.

बहुतेक मोटारींचे आयडलिंग, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिनाचे फिरणे, मिनिटाला ६०० ते ९०० फेऱ्यांच्या दरम्यान असते. फ्लायव्हीलमध्ये, म्हणजे इंजिनाला जोडलेल्या जड चाकात, साठलेली ऊर्जा गतीच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे ७५० फेऱ्यांना ती ३,००० फेऱ्यांच्या तुलनेत सोळावा हिस्साच उरते, आणि एखादा स्फोट चुकला तर ती उणीव भरून काढायला मागे जोर राहत नाही. शिवाय थ्रॉटल, म्हणजे आत जाणाऱ्या हवेची झडप, जवळजवळ मिटलेला असल्याने सिलिंडरमध्ये ताजे मिश्रण थोडे व आधीच्या ज्वलनाचा उरलेला वायू तुलनेने जास्त असतो, त्यामुळे ठिणगीचे काम मुळातच अवघड झालेले असते. रस्त्यावर मुळीच न जाणवणारा दोष सिग्नलला उभे राहताच जाणवतो तो यामुळे.

थरथरीची लय हा पहिला पुरावा होय. चार सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात ७५० फेऱ्यांना सेकंदाला २५ स्फोट होतात आणि त्यांचे कंपन बारीक, सलग गुणगुणीसारखे भासते. एकच सिलिंडर बंद पडला की सेकंदाला साधारण सहा ठळक हिसके बसतात. सायलेन्सरच्या तोंडापासून थोड्या अंतरावर तळहात धरला तर धुराच्या झोतातील तो खंड हातालाही कळतो. याउलट आरपीएमचा (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा) काटा स्थिर असून गाडी सलग घुमत असेल, तर संशय माउंटिंगवर घ्यावा. ऑटोमॅटिक गाडीत ब्रेक घट्ट दाबून ‘डी’ (ड्राइव्ह) आणि ‘एन’ (न्यूट्रल) यांची तुलना करावी: ‘डी’मध्ये वाढणारी थरथर ‘एन’मध्ये एकदम ओसरली, तर तुटलेल्या रबराची किंवा द्रव गळून गेलेल्या हायड्रॉलिक माउंटिंगची शक्यता बळावते. माउंटिंगखाली द्रवाचा ओघळ दिसला, तर पुढे शोध घ्यायची गरज सहसा उरत नाही.

मिसिंग असल्यास संगणकीय स्कॅनर उपयोगी पडतो. क्रँकशाफ्टची, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याची, गती प्रत्येक स्फोटानंतर किती वाढते यावरून नियंत्रक (इंजिनाचा संगणक) चुकलेला सिलिंडर ओळखतो व ‘पी ०३०१’, ‘पी ०३०२’ असे कोड नोंदवतो. शेवटचा अंक सिलिंडरचा. ‘पी ०३००’ म्हणजे दोष एकाच सिलिंडरशी बांधलेला नाही. मात्र कोड सिलिंडर दाखवतो, कारण दाखवत नाही. समजा ‘पी ०३०१’ आला, तर इंजिन बंद करून पहिल्या व तिसऱ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल करावी, कोड पुसावा आणि पुन्हा चालवून पाहावे. कोड ‘पी ०३०३’ झाला तर कॉइल खराब, ‘पी ०३०१’च राहिला तर दोष प्लग, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशनमध्ये (सिलिंडरमध्ये मिश्रण दाबले जाण्यात). चालत्या इंजिनाची प्लगची वायर उपटून पाहण्याची जुनी पद्धत आता सोडून द्यावी: जबर शॉक बसू शकतो, आणि न जळलेले इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धूर शुद्ध करणाऱ्या भागात, पेटून तो वितळू शकतो. चेक इंजिनचा दिवा लुकलुकू लागतो तो याच धोक्याची सूचना देण्यासाठी, आणि अशा वेळी गाडी चालवत राहू नये.

काढलेला प्लग उजेडात नीट पाहावा. फिकट तपकिरी टोक निरोगी, कोरडी काळी काजळी इंधन जास्त असल्याची, तर ओला तेलकट थर सिलिंडरमध्ये ऑइल येत असल्याची खूण होय. पांढऱ्या पोर्सिलेनवर उभी, केसाएवढी काळपट रेघ दिसली तर ठिणगी टोकाशी न पडता बाहेरून निसटत होती असे समजावे. तेव्हा प्लगसोबत कॉइलचे रबरी टोपणही बदलावे लागते. प्लगच्या टोकाशी ठिणगी पडते ती फट बहुधा ०.७ ते १.१ मिलिमीटर असते, पण नेमका आकडा त्या इंजिनाच्या पुस्तिकेतूनच घ्यावा. नवा प्लग थंड इंजिनात आधी हाताने फिरवून व शेवटी टॉर्क पान्याने आवळावा. ॲल्युमिनियमच्या हेडमधील आटे खराब झाले तर मूळ दोषापेक्षा मोठे काम उभे राहते.

सर्वांत जास्त चकवणारे कारण म्हणजे इनटेक मॅनिफोल्डमधील, म्हणजे सिलिंडरांना हवा पोहोचवणाऱ्या नळ्यांमधील, हवागळती. कडक झालेली रबरी नळी किंवा दबलेले गॅस्केट यांतून न मोजलेली हवा आत जाते आणि मिश्रण विरळ होते. हवेचा प्रवाह मोजणारा सेन्सर असलेल्या इंजिनात आयडलिंगला इंधनाची दुरुस्ती, म्हणजे फ्युएल ट्रिम, १० टक्क्यांपलीकडे चढलेली दिसते व २,५०० फेऱ्यांना ती पुष्कळ खाली येते, कारण तेवढीच गळती आता एकूण हवेचा किरकोळ अंश असते. मॅनिफोल्डचा दाब मोजणाऱ्या इंजिनात मात्र बहुधा आरपीएमच वाढतो. गळतीची जागा, मॅनिफोल्डमध्ये धूर सोडून तो कुठून बाहेर येतो हे दाखवणाऱ्या यंत्राने शोधावी. गरम इंजिनावर ज्वालाग्राही स्प्रे मारणे आगीला आमंत्रण आहे. ईजीआर झडप (जळलेला वायू पुन्हा इंजिनात सोडणारी) उघडी अडकली तरी लक्षणे जवळपास तीच असतात, फक्त हवेऐवजी जळलेला वायू आत शिरतो.

ठिणगी, इंधन व हवा ठीक असूनही सिलिंडर मेलेलाच राहिला तर कॉम्प्रेशन मोजावे. एकाच सिलिंडरचा दाब इतरांपेक्षा बराच कमी आल्यास त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या, नाही वाढला तर दोष झडपेत किंवा हेड गॅस्केटमध्ये (सिलिंडरच्या वरच्या सांध्याच्या पट्टीत). फक्त सकाळी थंड असताना थरथर, सोबत पांढरा धूर आणि कूलंट घटणे, ही खूण गॅस्केटकडे बोट दाखवते.

साचलेल्या कार्बनमुळे थ्रॉटल बॉडी साफ केली असेल, तर नियंत्रकाला आयडलिंगची नवी पातळी शिकवावी लागते. ती प्रक्रिया वगळल्यास साफसफाईनंतर काही काळ आरपीएम वरखाली होत राहतो. तीन सिलिंडरच्या इंजिनात थोडे डुलणे रचनेतच असते, त्यामुळे दुरुस्तीनंतरची तुलना त्याच प्रकारच्या चांगल्या गाडीशी करावी.