सल्ल्याची यादी आणि पैशाची यादी

‘हे उपचार नकोत’ असं सांगणाऱ्या याद्या गेल्या दहा-पंधरा वर्षांत देशोदेशी निघाल्या. त्यातल्या दोन हमखास एकमेकींत मिसळल्या जातात: अमेरिकेत सुरू झालेली ‘चूझिंग वाइजली’ आणि इंग्लंडच्या एनएचएसची, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेची, ‘एव्हिडन्स-बेस्ड इंटरव्हेन्शन्स’, थोडक्यात ईबीआय. गोंधळ व्हायला कारणही आहे. इंग्लंडमध्ये चूझिंग वाइजली चालवणारी अ‍ॅकॅडमी ऑफ मेडिकल रॉयल कॉलेजेस ही डॉक्टरांची शिखर संस्था ईबीआयमध्येही भागीदार. पण पहिल्या यादीमागे डॉक्टरांचा शब्द आहे आणि दुसरीमागे सरकारी तिजोरी. हा फरक नीट धरला की दोघींच्या बाकीच्या तऱ्हा आपोआप कळतात.

चूझिंग वाइजलीचं बीज 2010 सालचं. अमेरिकेत आरोग्यसुधारणांचा कायदा होऊ घातला होता. हॉवर्ड ब्रॉडी या डॉक्टरांनी तेव्हा आपल्याच व्यवसायाला टोचलं: प्रत्येक विशेषज्ञ संघटनेने खर्चिक पण फारसा फायदा नसलेल्या पाच तपासण्या-उपचारांची यादी स्वतःच करावी. 2012 मध्ये एबीआयएम फाउंडेशन या तिथल्या डॉक्टरांच्याच संस्थेने नऊ संघटनांना घेऊन मोहीम उभी केली. नऊ पंचे पंचेचाळीस कलमं. सक्ती कुठलीच नाही. डॉक्टरने यादी वाचावी, पेशंटशी बोलावं आणि दोघांनी मिळून ठरवावं, एवढीच अपेक्षा. इंग्लंडच्या 2016 च्या यादीतही हाच सूर होता: किरकोळ खरचटल्यावर जखम धुवायला नळाचं पाणी सलाइनइतकंच चांगलं, लहान मुलांच्या मनगटाच्या बारीक फ्रॅक्चरला सहसा प्लास्टर लागत नाही. पेशंटने विचारायचे प्रश्नही दिले होते. फायदा काय, धोका काय, दुसरा पर्याय काय, आणि काहीच केलं नाही तर काय होईल? हा चौथा प्रश्न आपल्याकडच्या ओपीडीत विचारून पाहा. डॉक्टर चमकून वर बघतील, पण प्रश्न अगदी रास्त आहे.

या पद्धतीची ताकद आणि मेख एकाच ठिकाणी आहे. हाडाच्या डॉक्टरला हाडाच्याच डॉक्टरांनी सांगितलं तर तो ऐकतो, ही ताकद. मेख अशी की स्वतःच्या ताटातलं कमी करायला कोण तयार होणार? अमेरिकेतल्या अस्थिरोगतज्ज्ञांच्या संघटनेची पहिली यादी बघा. गुडघ्याच्या झिजेसाठी ग्लुकोसामाइनच्या गोळ्या नकोत, बुटात तिरपे इनसोल नकोत, सुईने सांधा धुणं नको, मनगटाच्या एका शस्त्रक्रियेनंतर स्प्लिंट नको, सांधा बदलल्यावर लक्षणं नसताना सरसकट सोनोग्राफी नको. सगळं योग्यच. पण झिजलेल्या गुडघ्याची दुर्बिणीतून होणारी सफाई, म्हणजे आर्थ्रोस्कोपी, त्यात नव्हती. त्या शस्त्रक्रियेचा वेदनेवर होणारा परिणाम खोट्या, म्हणजे नुसती वरवर चीर दिलेल्या, शस्त्रक्रियेपेक्षा सरस नाही, असं ह्यूस्टनमधल्या 180 पेशंटच्या चाचणीने 2002 मध्येच दाखवलं होतं. हा विसरभोळेपणा आहे असं मला वाटत नाही.

आता ईबीआय. नोव्हेंबर 2018 मध्ये आलेल्या तिच्या पहिल्या यादीत 17 गोष्टी होत्या, आणि नेहमी करू नयेत अशा चारांत गुडघ्याच्या झिजेसाठीची आर्थ्रोस्कोपी बसली. घोरण्यावरची शस्त्रक्रिया (झोपेत श्वास अडकत नसेल तर), पाळीतल्या जास्त रक्तस्रावासाठी क्युरेटिंग (गर्भपिशवी आतून खरवडणं) आणि साध्या कंबरदुखीवरची इंजेक्शनं या बाकीच्या तीन. यांतलं काही करायचंच असेल तर त्या एका पेशंटसाठी वेगळा अर्ज करून मंजुरी घ्यावी लागते, कारण एरवी पैसे मिळत नाहीत. उरलेल्या 13 गोष्टी निकष पुरे झाले तर करता येतात. टॉन्सिल काढायचे तर आदल्या वर्षभरात घसा सात वेळा धरलेला हवा, किंवा सलग दोन वर्षं दरवर्षी पाच वेळा, किंवा सलग तीन वर्षं तीन-तीन वेळा. पेशंटने आग्रह धरला किंवा डॉक्टरचं मत वेगळं पडलं, तरी हे आकडे हलत नाहीत.

अर्थात याचाही त्रास आहेच. खरोखर गरज असलेला माणूस कागदपत्रांत अडकतो, आणि यादी पैसे देणाऱ्याच्या हातात असल्याने ‘आमच्या भल्यासाठी की तुमच्या बचतीसाठी?’ ही शंका जात नाही. नुसत्या सल्ल्याचं फळ मात्र किती तुटपुंजं असतं तेही माहीत आहे. साध्या डोकेदुखीसाठी स्कॅन करण्याचं अमेरिकेतलं प्रमाण मोहिमेच्या सुरुवातीच्या काळात 14.9 टक्क्यांवरून 13.4 वर आलं. कंबरदुखीच्या स्कॅनमध्ये घट दिसलीच नाही.

आपल्याकडे पहिली वाट रुळली आहे. परळच्या टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने चालणाऱ्या नॅशनल कॅन्सर ग्रिडने 2019 मध्ये कॅन्सर उपचारांत टाळायच्या 10 गोष्टींची ‘चूझिंग वाइजली इंडिया’ यादी काढली. दुसरी वाट मात्र पैसे देणारा एकच असेल तिथेच चालते, आणि आपल्याकडे बरेचदा तो खुद्द पेशंट असतो. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसारख्या ठिकाणी पूर्वमंजुरी लागते, त्यामुळे निकष लावायला जागा आहे. पण मुकादमाकडून उचल घेऊन स्वतःची गर्भपिशवी काढून घेणाऱ्या ऊसतोड बाईला पैसे नाकारणार कोण? बीडमध्ये 2019 साली ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याचा प्रश्न गाजला आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या खासगी रुग्णालयांना या शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणं बंधनकारक झालं. ही ना सल्ल्याची वाट, ना तिजोरीची. हा सरळ प्रशासनाचा हुकूम. गंमत म्हणजे जास्त रक्तस्रावासाठी गर्भपिशवी काढणं ईबीआयच्या त्या तेरांत आहे: आधी औषधं किंवा हार्मोनची कॉपर-टीसारखी कॉइल वापरून बघायची, शस्त्रक्रिया नंतर. बीडमध्ये ती कॉइल बसवून वर्षभर तपासत कोण राहणार, हे हुकमाने सुटत नाही. हंगाम लागला की बाई कारखान्यावर निघून जाते.