पिन्याता

खाऊने भरून उंच टांगलेली आणि काठीने फोडायची पोकळ, रंगीत वस्तू. मेक्सिकोत १६ ते २४ डिसेंबर या काळातल्या ‘पोसादास’ उत्सवात आणि मुलांच्या वाढदिवसाला पिन्याता फोडतात. मेक्सिको सिटीजवळचे आकोल्मान हे गाव तिचे जन्मस्थान मानले जाते. मार्को पोलोने ती चीनहून आणल्याची गोष्टही सांगतात; ती गोष्ट म्हणूनच ऐकावी. पारंपरिक आकार सात टोकांच्या ताऱ्याचा असून ही टोके ख्रिस्ती परंपरेतील सात महापापांची मानतात. पूर्वी आत मातीचे मडके असे. ते फुटताना खापऱ्या मुलांच्या अंगावर पडत. कागदी पिन्यातात तो धोका नाही.

घरी करताना साचा म्हणून फुगा वापरतात. एक वाटी मैद्याला दोन वाट्या पाणी घालून गुठळ्या न होऊ देता खळ करतात. वर्तमानपत्राच्या दोन-तीन सेंटिमीटर रुंद पट्ट्या कापण्यापेक्षा फाडलेल्या बऱ्या, कारण फाटकी कड बेमालूम बसते. पट्टी खळीत बुडवून दोन बोटांत निपटून घेतात. हा टप्पा घाईत उरकला की खळ ओघळते आणि थर दिवसेंदिवस ओलाच राहतो. फुग्याच्या गाठीभोवती खाऊ भरण्यापुरते तोंड मोकळे ठेवतात.

पिन्याता मजबूत करण्याच्या नादात बिघडते. ती अखेर फुटायचीच असते, पण पहिल्याच फटक्याला नव्हे. लहान मुलांसाठी दोन-तीन थर पुरतात, मोठ्यांसाठी चार. खळीऐवजी लाकूडकामाचा पांढरा गोंद वापरला तर कवच इतके टणक होते की मुले कंटाळतात. एक थर वाळल्यावरच दुसरा द्यावा. त्याला साधारण एक दिवस लागतो, दमट हवेत जास्त. ओल कोंडली तर बुरशी धरते. लवकर वाळावी म्हणून कडक उन्हात ठेवली, तर आतली हवा तापून फुगाच फुटतो आणि ओले कवच बसते. नीट वाळलेल्या कवचावर टिचकी मारली की कोरडा, पोकळ आवाज येतो. मग फुगा फोडून त्याचे सगळे तुकडे काढून टाकतात. ते लहान मुलांच्या घशात अडकू शकतात.

दोरीसाठी वर नुसती दोन भोके पाडली तर खाऊच्या वजनाने कागद फाटतो. त्यापेक्षा शेवटच्या थराआधी सुतळी बुडाखालून घेऊन वर आणावी आणि तिच्यावर पट्ट्या चिकटवाव्यात. पातळ रंगीत कागदाच्या झिरमिळ्या बुडापासून वर लावत गेले की प्रत्येक ओळ खालच्या ओळीची चिकटवलेली कड झाकते. आत हलका, वेष्टनातला खाऊ भरावा. काच किंवा जड खेळणी नकोत.

मेक्सिकोत दोरीचे टोक मोठ्या माणसाच्या हाती असते. डोळे बांधलेले मूल काठी उगारते तसा तो पिन्याता वरखाली करून काठीला हुलकावणी देतो. भोवतालची मुले गाणे म्हणतात. गाणे संपले की पाळी संपली. सर्वांत लहान मुलाला पहिली पाळी दिली तर सगळ्यांच्या वाट्याला काही फटके येतात. अगदी चिमुकल्यांसाठी काठीऐवजी बुडाशी झडप ठेवून ओढायच्या फिती लावतात. त्यांतली एकच फीत ओढल्यावर झडप उघडते. खरा धोका फुटल्यानंतरच्या झुंबडीत असतो: डोळे बांधलेल्या मुलाला खाऊ सांडल्याचे कळत नाही आणि ते काठी फिरवतच राहते. म्हणून काठी काढून घेतल्यावरच बाकीच्यांना सोडावे.