ग्रीक राजकारण आणि युरोपीय एकात्मीकरण

युरोपीय एकात्मीकरणाविषयी ग्रीसमधील पक्षांनी व सरकारांनी 1961 पासून घेतलेल्या भूमिकांचा परामर्श या नोंदीत घेतला आहे. या भूमिका ‘युरोपवादी’ आणि ‘युरोपविरोधी’ अशा दोन खान्यांत बसवण्याची रीत आहे, पण ती अपुरी पडते. ग्रीसने समुदायात राहावे की बाहेर पडावे यापेक्षा कोणत्या अटींवर राहावे आणि त्या अटी मान्य करण्याचा अधिकार कोणाचा, यावरच खरा वाद होत आला. विरोधाची भाषा करत सत्तेवर आलेल्या पक्षांनीच पुढचे करार संमत करून घेतले.

पूर्वपीठिका : युरोपीय आर्थिक समुदायाशी सहयोग-करार करणारा ग्रीस हा पहिला देश. करारावर 9 जुलै 1961 रोजी अथेन्समध्ये सह्या झाल्या आणि 1 नोव्हेंबर 1962 पासून तो अंमलात आला. बहुतेक मालावरील जकात 12 वर्षांत, तर देशात तयार होणाऱ्या संवेदनशील मालावरील 22 वर्षांत उतरवायची होती. डाव्यांच्या ‘एदा’ या आघाडीने देशी उद्योग बुडतील म्हणून त्याला विरोध केला. 21 एप्रिल 1967 च्या लष्करी उठावानंतर करार गोठवला गेला, पण पूर्णपणे नव्हे. जकातकपात चालू राहिली. शेतीधोरणांची जुळवणी आणि 12.5 कोटी डॉलरच्या कर्जाचा उरलेला भाग मात्र थांबला. हुकूमशाहीला युरोपचे दार बंद असते, हा धडा ग्रीक उजव्यांच्या मनावर याच काळात ठसला. पंतप्रधान कोन्स्टँटिनोस करामानलिस यांनी लोकशाहीच्या पुनःस्थापनेनंतर वर्षभराच्या आत, 12 जून 1975 रोजी, सदस्यत्वाचा अर्ज केला. युरोपीय आयोगाने जानेवारी 1976 मध्ये पूर्वतयारीचा टप्पा सुचवला, तो मंत्रिपरिषदेने पुढच्याच महिन्यात फेटाळला. प्रवेशकरारावर 28 मे 1979 रोजी अथेन्सच्या झापिओन सभागृहात सह्या झाल्या आणि 1 जानेवारी 1981 रोजी ग्रीस दहावा सदस्य झाला.

करामानलिस म्हणत, ‘आपण पश्चिमेचे आहोत’. अँद्रेआस पापांद्रेऊ यांच्या समाजवादी पासोक पक्षाचे उत्तर होते, ‘ग्रीस ग्रीकांचा आहे’. रस्त्यावरची घोषणा याहून तिखट होती : ‘एओक के नाटो, तो इद्यो सिंदिकातो’, म्हणजे समुदाय आणि नाटो ही एकाच टोळीची दोन नावे. 1974 मध्ये सायप्रसवर तुर्की आक्रमण झाले तेव्हा नाटोने काहीच केले नाही, हा राग तिच्यामागे होता. तो ध्यानात घेतल्याशिवाय ही घोषणा नीट उमगत नाही.

कलम 28 चा वाद : 1975 च्या राज्यघटनेतील हे कलम प्रवेश डोळ्यांपुढे ठेवूनच घातले गेले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. अडचण अशी, की त्यात दोन वाटा आहेत. परिच्छेद 2 नुसार घटनात्मक अधिकार आंतरराष्ट्रीय संघटनेकडे सोपवायचे तर एकूण सदस्यांच्या तीन पंचमांश, म्हणजे 300 पैकी 180 मते लागतात. परिच्छेद 3 नुसार सार्वभौमत्वाच्या वापरावर मर्यादा घालायला निव्वळ बहुमत, म्हणजे 151 मते पुरतात. मात्र मानवी हक्क व लोकशाहीचा पाया यांना धक्का लागता कामा नये, आणि समानता व परस्परता असली पाहिजे. अधिकार सोपवणे आणि सार्वभौमत्वाला मर्यादा घालणे यांतली रेघ कुठे ओढायची? काही घटनातज्ज्ञ परिच्छेद 2 ला केवळ मतसंख्येचा नियम आणि परिच्छेद 3 ला आशयाची अट मानून दोन्ही एकत्र लावतात. इतर त्यांना स्वतंत्र समजतात. पहिले मत व्यवहाराला अधिक धरून आहे. 28 जून 1979 रोजी प्रवेशकरार संमत झाला तेव्हा पासोक व साम्यवादी पक्ष सभात्याग करून गेले होते, तरीही 180 चा उंबरठा ओलांडला गेल्याने प्रश्न कसाला लागलाच नाही. युरोपीय संघ स्थापणारा मास्ट्रिक्ट करार, युरोपीय संविधान (2005, 268 मते) आणि लिस्बन करार (2008, 250 मते) यांच्या वेळीही तसेच झाले. 2001 च्या घटनादुरुस्तीत, हे कलम एकात्मीकरणातील सहभागाचा पाया आहे, असे स्पष्टीकरण जोडले गेले. दोन परिच्छेदांतला तिढा त्याने सुटला नाही.

पासोकचे वळण : पापांद्रेऊ यांनी सदस्यत्वावर सार्वमत घेण्याचे सांगितले होते. पण तेव्हाच्या घटनेत सार्वमत पुकारण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षांचा होता आणि 1980 पासून त्या पदावर खुद्द करामानलिस होते. 18 ऑक्टोबर 1981 च्या विजयानंतर नव्या सरकारने बाहेर पडण्याऐवजी मार्च 1982 मध्ये निवेदन पाठवून सवलती मागितल्या. स्पेन व पोर्तुगालचा प्रवेश अडवण्याचा इशारा दिल्यावर 1985 मध्ये एकात्मिक भूमध्य कार्यक्रम (समुदायाच्या दक्षिणेकडील भागांसाठी मदत) मंजूर झाले. हे वळण नेमके कधी पूर्ण झाले याबद्दल एकमत नाही. काही अभ्यासक 1988 मध्ये ग्रीसकडे आलेले मंत्रिपरिषदेचे अध्यक्षपद ही खूण मानतात. त्याऐवजी 1985 धरणे अधिक सयुक्तिक वाटते. त्या शरद ऋतूत द्राख्मा या ग्रीक चलनाचे 15 टक्के अवमूल्यन झाले, समुदायाकडून कर्ज घ्यावे लागले आणि निघून जाण्याची भाषा व्यवहारात संपली.

पासोकचेच पंतप्रधान कोस्तास सिमितिस यांच्या काळात (1996–2004) ‘आधुनिकीकरण’ आणि युरोप हे शब्द जवळपास समानार्थी झाले. एका युरोला 340.75 द्राख्मा या दराने ग्रीसने 2001 मध्ये युरो स्वीकारला.

कर्जसंकट : मे 2010 चा पहिला ‘म्निमोनिओ’ (कर्जात बुडालेल्या ग्रीसला मिळणाऱ्या आंतरराष्ट्रीय मदतीच्या अटींचा करारनामा) संसदेत 172 मतांनी संमत झाला. आता मात्र 180 चा प्रश्न कसाला लागला. अधिकारच बाहेर गेले असतील तर ही मते अपुरी होती. सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने निर्णय क्र. 668/2012 मध्ये सांगितले, की हा आंतरराष्ट्रीय करार नसून सरकारच्या धोरणाचा कार्यक्रम आहे, सबब तीन पंचमांशाची गरज नाही. निवृत्तिवेतन आणि पगार कापले जात असताना ‘हे आमच्याच सरकारचे धोरण आहे’ हे म्हणणे फार थोड्यांना पटले. पक्षांची विभागणी डावे-उजवे सोडून म्निमोनिओच्या बाजूचे व विरोधातले अशी झाली. मे 2012 च्या निवडणुकीत पासोक 13.2 टक्क्यांवर घसरला. युरो टिकवावा असे म्हणणारे मात्र या सर्व काळात बहुसंख्य राहिले.

5 जुलै 2015 चे सार्वमत याच विसंगतीतून आले. 1986 च्या दुरुस्तीनंतर ‘कळीच्या राष्ट्रीय प्रश्ना’वर सार्वमताला 151 मते पुरत होती, सिरिझा या डाव्या पक्षाच्या अलेक्सिस त्सिप्रास सरकारला 178 मिळाली. सामाजिक प्रश्नावरील संमत विधेयकासाठी 180 लागली असती आणि आर्थिक विधेयके तर त्यातून वगळलेलीच आहेत. यावरून दाखल झालेली हरकत न्यायालयाने मतदानाच्या दोन दिवस आधी फेटाळली. मतपत्रिकेवर आयोग, युरोपीय मध्यवर्ती बँक व आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांनी मांडलेल्या मदतीच्या अटींच्या दोन दस्तऐवजांचा नावानिशी उल्लेख होता आणि ‘ओखी’ (नाही) चा चौकोन ‘ने’ (होय) च्या वर छापला होता. मराठी कानाला ‘ने’ नकारासारखा वाटतो, तो तसा नाही. ‘ओखी’ला तर वेगळेच वजन आहे : 1940 मध्ये इटलीच्या निर्वाणीच्या खलित्याला दिलेल्या नकाराचा दिवस 28 ऑक्टोबरला त्याच नावाने पाळला जातो. बँका बंद होत्या, एटीएम यंत्रातून दिवसाला 60 युरोच निघत. 62.5 टक्के मतदान झाले, 61.31 टक्के नकार आला. ज्या प्रस्तावावर कौल मागितला होता त्याची मुदत 30 जूनलाच संपली होती, म्हणून नकाराचा अर्थ सरकारच्या हाती राहिला. 13 जुलैला नव्या अटी मान्य झाल्या आणि 14 ऑगस्टला तिसरा करारनामा 222 मतांनी संमत झाला.

सिरिझातून फुटून राष्ट्रीय चलनाकडे परतण्याची भूमिका घेणाऱ्या ‘लाइकी एनोतिता’ (लोक-एकता) या पक्षाला सप्टेंबर 2015 च्या निवडणुकीत संसदेत जाण्यासाठीची 3 टक्क्यांची अटही पार करता आली नाही. युरोपीय संघातून बाहेर पडण्याची भूमिका सातत्याने मांडणारा संसदेतला पक्ष म्हणजे साम्यवादी पक्ष; त्याच्या मते आधी सत्ता जनतेच्या हाती आली पाहिजे, त्याशिवाय बाहेर पडण्याला अर्थ नाही.