बाष्पोत्सर्जन आणि पानांचे तापमान

वनस्पतींच्या शरीरातील पाणी मुख्यतः पानांवाटे वाफेच्या रूपात बाहेर पडण्याच्या क्रियेला बाष्पोत्सर्जन म्हणतात. मुळांनी शोषलेल्या पाण्यापैकी ९५ टक्क्यांहून अधिक पाणी असे हवेत जाते. प्रकाशसंश्लेषणासाठी कार्बन डायऑक्साइड आत घ्यायचा तर पर्णरंध्रे, म्हणजे पानांवरची सूक्ष्म छिद्रे, उघडावी लागतात, आणि ती उघडली की वाफ बाहेर जाणारच. मात्र या खर्चातून झाडाला गारवाही मिळतो. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना पानातली सुमारे ५८० कॅलरी उष्णता निघून जाते. त्यामुळे ओल असलेल्या रानात कपाशीचे पान भर दुपारी हवेपेक्षाही थंड असू शकते. ओल तुटली की रंध्रे मिटतात आणि तेच पान तापू लागते.

पानाच्या आकाराचाही यात मोठा वाटा असतो, आणि तो बरेचदा दुर्लक्षिला जातो. प्रत्येक पानाला लागून स्थिर हवेचा एक थर असतो. बाभळीच्या इवल्याशा पर्णिकांभोवती तो इतका पातळ असतो की साध्या झुळकेनेही उष्णता निघून जाते. पाणी फारसे न खर्चता पर्णिका हवेइतक्याच तापमानाला राहतात. सागाच्या भल्यामोठ्या पानाला गार राहायला पाणीच लागते. उन्हाळ्याच्या तोंडावर ते मिळेनासे झाले की साग पाने गाळतो. कण्हेर मात्र हिरवीच राहते. तिची पाने जाड, चिवट असतात आणि रंध्रे पानाच्या खालच्या बाजूस खळग्यांत, बारीक केसांच्या आड दडलेली असतात.

ज्वारीच्या पानावर पांढरट मेणाचा थर असतो. पाण्याचा ताण पडला की वरच्या त्वचेतील मोठ्या पेशींमधले पाणी कमी होते आणि पान आत वळते. त्याने उन्हात येणारा पृष्ठभाग घटतो. ज्वारी, बाजरी, मका ही पिके कार्बन डायऑक्साइड पानातच एकवटतात, म्हणून त्यांना रंध्रे थोडी उघडूनही भागते. ब्रिग्ज आणि शँट्झ या शास्त्रज्ञांनी १९१० च्या दशकात अमेरिकेतील कोलोरॅडोत केलेल्या मोजणीत एक किलो शुष्क पदार्थ (पीक वाळवल्यावर उरणारे वजन) तयार करायला ज्वारीला सुमारे ३०० किलो, गव्हाला ५०० किलो, तर लसूणघासाला ८०० किलोंहून अधिक पाणी लागले.

निवडुंग, घायपात, अननस आणि पानफुटी ही झाडे रंध्रे मुख्यतः रात्री उघडतात. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठतो व दिवसा वापरला जातो. वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइन यांनी भारतात पानफुटीची पाने चाखून पाहिली होती. ती सकाळी आंबट आणि दुपारी बेचव लागत. त्यांचे हे निरीक्षण १८१५ मध्ये प्रसिद्ध झाले. दिवसा रंध्रे बंद असल्याने या वनस्पतींना बाष्पोत्सर्जनाचा गारवा जवळपास मिळत नाही, म्हणून त्यांना ताप सोसावाच लागतो. काही निवडुंगांच्या पेशी ६० अंश सेल्सिअसच्या आसपासही तग धरतात.

महाराष्ट्रात टंचाईच्या काळात फळबागांवर केओलिन या पांढऱ्या मातीची फवारणी करतात. तिचा थर ऊन परतवतो, त्यामुळे पान कमी तापते आणि पाण्याचा खर्चही घटतो.