गोबी दिसत नाही? आधी वाळूतला हात बाहेर काढा

चवथ आटोपून मंडळी गावाहून परतली की आमच्या शोभेच्या माशांच्या दुकानातला फोन वाजायला लागतो. "तुमचा पिवळा गोबी मासा चार दिवस दिसला नाही, मेला वाटतं." आणि लगेच पुढे, "सगळी वाळू उकरून पाहिली हो!"

घोटाळा होतो तो इथंच.

हा पिवळा वॉचमन गोबी बिळात राहणारा मासा, फार तर चार इंचांचा. पश्चिम पॅसिफिकमधला उथळ, वाळू-चिखलाचा तळ हे त्याचं मूळ घर. पण बीळ खणतं ते त्याच्यासोबतचं पिस्टल श्रिंप, म्हणजे आपल्या सुंगटाच्या, कोळंबीच्या भावकीतलंच. त्याची नजर अधू, म्हणून बाहेर येताना ते एक मिशी गोबीच्या अंगाला टेकवून ठेवतं. गोबीनं शेपूट हलवली की दोघंही आत. रात्री तर आतच. तेव्हा दिवे मालवून टॉर्च मारत शोधू नका. नवा आणलेला गोबी आठ-पंधरा दिवस तोंड दाखवत नाही, हे आम्ही नेहमीच पाहतो.

उकरलंत की बोगदा ढासळतो. श्रिंपनं नुकतीच कात टाकलेली असली तर मऊ अंगानं ते दबून मरतं, तळाची घाण वर येते, गोबी बिथरून उडी मारतो. मग तो खरंच जातो. त्यापेक्षा दिवसा ड्रॉपरनं सुंगटाचे बारीक तुकडे बिळाच्या तोंडाशी सोडा आणि जरा लांब बसा. मधूनच 'टक्' असा आवाज आला तर घाबरू नका, काच तडकलेली नाही. श्रिंपनं नांगी वाजवली.

"मांडवीकाठचा चिखल घातला तर?" नको. निवट्या त्यात सुखानं उड्या मारतात, पण टँकमध्ये तो खालून काळा पडतो आणि कुजक्या अंड्यांचा वास सुटतो. आम्ही तीन इंच बारीक वाळू आणि ठेचलेल्या शिंपल्या देतो. श्रिंप छताला त्यांचाच टेकू लावतं. घरच्या तिसऱ्यांच्या शिंपल्या उकळून, घासून वापरल्यात तरी चालेल, आमचा धंदा तेवढा बुडाला! दगड मात्र वाळूवर नको, थेट तळाच्या काचेवर टेकवा. आणि पावसाळ्यात मिरामार किनाऱ्याचं पाणी कॅन भरून आणू नका. मांडवी तिथंच समुद्राला मिळते, पाणी अळणी होतं. खारटपणा मोजायच्या मीटरवर १.०२५ च्या आसपास हवं.

टँक महिनाभर चालल्याशिवाय आम्ही गोबी विकत नाही. काहींना हा नखरा वाटतो. पण कोऱ्या टँकमध्ये अमोनिया वाढतो, मासा दगावतो आणि शिव्या आम्हाला बसतात. जाळीचं झाकणही सोबतच घ्यायला लावतो. फरशीवर वाळलेला मासा पिशवीतून घेऊन येणाऱ्यांनी ते आधी नाकारलेलं असतं.

घरी येऊन पाहायचे ३०० रुपये. डोकं बाहेर काढलेल्या गोबीचा फोटो पाठवलात तर तेही वाचतील. वाळू उकरलेली असेल तर मासा बदलून मिळणार नाही.