अंतराच्या अटी: कोणी पाळल्या, कोणी सोडल्या

१९०६ साली पॅरिसमध्ये सादर झालेल्या गणिताच्या एका प्रबंधाने अंतराला जमिनीपासून मोकळे केले. तोवर अंतर म्हणजे दोन बिंदूंमधली लांबी, आणि बिंदू म्हणजे रेषेवरचा, प्रतलावरचा किंवा अवकाशातला बिंदू. ज्यांच्यामध्ये अंतर मोजायचे ते बिंदूच असण्याची गरज या प्रबंधाने काढून टाकली. ती फलने असतील, वक्ररेषा असतील, अनंत संख्याक्रम असतील. अंतराने फक्त तीन अटी पाळल्या म्हणजे पुरे. स्वतःपासूनचे अंतर शून्य, आणि शून्य अंतर फक्त स्वतःपासूनच. 'अ'पासून 'ब' जितके दूर, तितकाच 'ब'पासून 'अ' दूर. आणि तिसऱ्या ठिकाणाहून वळसा घेतल्याने वाट कधी कमी होत नाही. यातली दुसरी अट सममितीची, तिसरी त्रिकोण असमानतेची. १९१४ साली एका जर्मन ग्रंथाने अशा रचनेला मेट्रिक अवकाश म्हटले आणि ते नाव रुळले.

या अटी निसर्गात कोणाला सापडल्या नव्हत्या, हे पुढच्या सगळ्या वादांत विसरले गेले. अभिसरण (क्रमाचे एका मूल्याकडे सरकत जाणे) आणि सातत्य (फलनात अचानक उडी नसणे) यांची प्रमेये सिद्ध करायला जेवढे लागते तेवढेच त्यात घेतले होते. गणितज्ञांना स्वतःला याची जाण होती. १९३१ साली सममितीची अट वगळून काय उरते याचाही अभ्यास झाला. पण गणिताबाहेर गेली ती तीन अटींची पक्की व्याख्या, आणि तिला न बसणारे प्रत्येक मोजमाप सदोष समजले जाऊ लागले.

काही मापांच्या बाबतीत अडचण आली नाही. १९३६ साली कोलकात्यातल्या एका संख्याशास्त्रज्ञाने मानवी गटांच्या शरीरमापांची तुलना करताना जे सूत्र मांडले, ते आज महालनोबिस अंतर म्हणून ओळखले जाते. त्याआधी वापरात असलेला निर्देशांक नमुना मोठा झाला की फुगत असे. शिवाय उंची आणि हातांची लांबी यांसारखी, एकमेकांबरोबर वाढणारी मापे तो स्वतंत्र धरत असे, त्यामुळे एकच फरक दोनदा मोजला जाई. नव्या सूत्राने मापांचा परस्परसंबंध हिशोबात घेतला, आणि सेंटिमीटर वापरा की इंच, उत्तर तेच येऊ लागले. १९५० साली संदेशातल्या चुका दुरुस्त करण्यासाठी हॅमिंग अंतर आले. समान लांबीचे दोन अंकसमूह किती जागी वेगळे आहेत, एवढेच ते मोजते. कोणतेही दोन वैध संदेश किमान तीन जागी वेगळे ठेवले, तर एका जागची चूक आपोआप दुरुस्त करता येते. १९६५ साली मॉस्कोत त्याचे अधिक लवचीक भावंड जन्मले. एका शब्दातून दुसरा शब्द मिळवायला कमीत कमी किती अक्षरे घालावी, गाळावी किंवा बदलावी लागतात, हे लेव्हेनश्टाइन अंतर सांगते. बोलीभाषांच्या अभ्यासकांनी हे माप १९९५ च्या सुमारास उचलले आणि गावागावांतल्या उच्चारांमधला फरक आकड्यांत मांडायला सुरुवात केली. ही तिन्ही अंतरे तिन्ही अटी पाळतात.

गाडी अडली ती १९५१ साली. दोन अमेरिकन गणितज्ञांनी, दोन संभाव्यता-वितरणे (कोणती घटना किती शक्य आहे याचे तक्ते) एकमेकांपासून किती वेगळी आहेत हे माहितीच्या भाषेत मोजणारे सूत्र प्रसिद्ध केले. खरे वितरण एक असताना आपण दुसरेच गृहीत धरले, तर त्याची सरासरी किंमत किती, हे ते सांगते. हे सूत्र सममित नाही. एक नाणे निष्पक्ष आहे आणि दुसरे दर वेळी छापच दाखवते असे समजा. नेहमी छाप देणाऱ्या नाण्याला निष्पक्ष मानले, तर चुकीची किंमत दर फेकीला एक बिट (माहितीचे एकक) येते. उलट, निष्पक्ष नाण्याला कायम छापाचे मानले, तर किंमत अनंत होते, कारण ज्या काट्याला आपण अशक्य ठरवले तो केव्हाही पडू शकतो. एका दिशेने एक, दुसऱ्या दिशेने अनंत. अशा मापाला अंतर म्हणायचे का?

इथे नावांचा मोठाच गुंता झाला. मूळ लेखकांनी 'डायव्हर्जन्स' हे नाव दोन्ही दिशांच्या बेरजेला दिले होते. ती बेरीज सममित होती आणि १९४६ सालीच दुसऱ्या एका शास्त्रज्ञाने ती वेगळ्या संदर्भात वापरली होती. एका दिशेच्या मापाला त्यांनी भेद ओळखण्यासाठी मिळणारी सरासरी माहिती असे म्हटले होते. नंतरच्या पिढ्यांनी डायव्हर्जन्स हा शब्द उचलून नेमका या एकदिशेच्या मापाला चिकटवला आणि त्याला मूळ लेखकांचीच आडनावे जोडली. काही पाठ्यपुस्तके त्याला सरळ अंतर म्हणत राहिली. १९८७ साली त्या दोघांपैकी एकाने एका संख्याशास्त्रीय नियतकालिकाला पत्र लिहून आपल्याला 'भेदाची माहिती' हेच नाव पसंत असल्याचे कळवले. तोवर उशीर झाला होता.

तडजोडी झाल्याच. दोन्ही वितरणांची सरासरी काढायची, प्रत्येकाची त्या सरासरीशी तुलना करायची आणि दोन्ही उत्तरांचा मध्य घ्यायचा, असा एक मार्ग निघाला. हे माप सममित आहे, कधीही अनंत होत नाही, आणि त्याचे वर्गमूळ त्रिकोण असमानताही पाळते. या वर्गमुळाची सिद्धता २००३ साली प्रसिद्ध झाली. गणिताच्या दृष्टीने ते सुबक आहे. तरीही माझ्या मते या तडजोडीत मूळ प्रश्न हरवतो. खऱ्याला खोटे समजणे आणि खोट्याला खरे समजणे या दोन वेगळ्या चुका आहेत आणि त्यांची किंमतही वेगळी आहे. दोन्हींची सरासरी काढली की सूत्र नीटनेटके होते, पण कोणती चूक महाग पडली ते त्यातून कळत नाही. असममिती हा त्या मापाचा दोष नसून तीच त्याची माहिती आहे. दोष होता तो त्याला निष्काळजीपणे अंतर म्हणण्यात.

मानसशास्त्राला हीच ठेच वेगळ्या वाटेने लागली. १९६२ पासून तिथे एक लोकप्रिय पद्धत होती. कोणत्या दोन गोष्टी किती सारख्या वाटतात हे लोकांना विचारायचे आणि त्या उत्तरांवरून मनाचा जणू नकाशा काढायचा. जास्त सारख्या गोष्टी जवळ, कमी सारख्या लांब. नकाशा काढायचा म्हणजे तिन्ही अटी गृहीत धरणे आलेच. १९७७ सालच्या एका दीर्घ लेखाने हे गृहीतकच उखडले. उत्तर कोरिया चीनसारखा आहे, असे लोक जितक्या सहज मान्य करतात, तितक्या सहज चीन उत्तर कोरियासारखा आहे असे मानत नाहीत. कमी ठळक गोष्ट ठळक गोष्टीसारखी भासते, उलट तितके भासत नाही. त्रिकोण असमानताही टिकेना. जमैका क्युबाच्या जवळचा वाटतो, कारण दोन्ही कॅरिबियन बेटे. क्युबा त्या काळच्या रशियाच्या जवळचा वाटतो, कारण राजवट. जमैका आणि रशिया मात्र एकमेकांपासून कोसो दूर. तुलनेचा निकष मध्येच बदलतो, आणि माणूस तो बदलतो हे त्याच्या लक्षातही येत नाही. पुढच्याच वर्षी एका संशोधिकेने नकाशा वाचवण्याचा प्रयत्न केला: एखाद्या बिंदूभोवती किती गर्दी आहे हे हिशोबात धरले तर असममितीचा उलगडा होतो, असे तिचे म्हणणे होते. हा युक्तिवाद कसदार होता, पण मूळ आक्षेप त्याने पुसला गेला नाही. प्रत्यक्ष जमिनीवरच्या अंतरातही मन सममिती पाळत नाही, हे १९८० साली दिसले. साध्या ठिकाणापासून प्रसिद्ध खुणेच्या जागेपर्यंतचे अंतर लोक जेवढे सांगतात, त्या खुणेपासून साध्या ठिकाणापर्यंतचे त्यापेक्षा वेगळे सांगतात.

समाजशास्त्राने तर सममितीचा आग्रह कधी धरलाच नव्हता. १९२५ साली तिथे सामाजिक अंतराची मोजपट्टी आली. दुसऱ्या गटातल्या व्यक्तीला लग्नसंबंधातून नात्यात घ्याल का, मित्र म्हणून, शेजारी म्हणून, सहकारी म्हणून, देशाचा नागरिक म्हणून, की फक्त पाहुणा म्हणून, की देशातच येऊ देणार नाही, अशा सात पायऱ्या. एक गट दुसऱ्याला जितका दूर ठेवतो तितकाच दुसरा पहिल्याला ठेवेल असे या पट्टीने मानले नाही, आणि समाजातल्या उतरंडीची कल्पना असलेल्या कोणालाही ते पटेल. २०२० च्या साथीत याच नावाचा शब्दप्रयोग माणसांमधल्या मीटरभर जागेसाठी आला. मार्च महिन्यातच जागतिक आरोग्य संघटनेने त्याऐवजी 'शारीरिक अंतर' म्हणायला सुरुवात केली, कारण माणसांनी एकमेकांशी संबंध तोडणे अपेक्षित नव्हते.

आनुवंशशास्त्राची गोष्ट उलट दिशेची. १९१३ साली फळमाशीच्या गुणसूत्रावरचा पहिला नकाशा निघाला. त्यात दोन जनुके पिढीगणिक किती वेळा एकमेकांपासून सुटी होतात यावरून त्यांच्यातले अंतर ठरवले होते. पण लांबच्या जनुकांमध्ये गुणसूत्रांच्या तुकड्यांची दोनदा अदलाबदल झाली तर ती पुन्हा एकत्र दिसतात. त्यामुळे निरीक्षणातला आकडा ५० टक्क्यांच्या वर जात नाही आणि तुकड्यांची बेरीज जुळत नाही. १९१९ साली हा आकडा दुरुस्त करून बेरीज जुळवणारे सूत्र मांडले गेले आणि सेंटिमॉर्गन हे एककही आले. म्हणजे इथे बेरीज जुळेना तेव्हा अपेक्षा न बदलता निरीक्षणच सुधारून घेतले. तरी हे अंतर म्हणजे गुणसूत्रावरची लांबी नव्हे. त्याच गुणसूत्रांचा नकाशा मानवी स्त्रीत पुरुषापेक्षा एकंदरीत लांब येतो.

खगोलशास्त्रात प्रश्न अटींचा नसून अंतरांच्या संख्येचा आहे. १८३८ साली पॅरॅलॅक्सवरून, म्हणजे पृथ्वी फिरताना ताऱ्याच्या भासमान सरकण्यावरून, एका ताऱ्याचे अंतर पहिल्यांदा विश्वासार्हपणे मिळाले तेव्हा अंतर एकच होते. प्रसरण पावणाऱ्या विश्वात मात्र तेजावरून काढलेले अंतर आणि आकाशात दिसणाऱ्या कोनीय आकारावरून काढलेले अंतर वेगवेगळे येते. त्यांच्यातले नाते १९३३ साली सिद्ध झाले. कोनावरून मोजलेले अंतर तर एका मर्यादेपलीकडे पुन्हा कमी होऊ लागते, म्हणजे अधिक दूरची दीर्घिका आकाशात अधिक मोठी दिसते. यातले कोणतेही अंतर खोटे नाही. खगोलशास्त्रज्ञ आपण कोणत्या अंतराबद्दल बोलतो ते प्रत्येक वेळी सांगतात, आणि हीच सवय इतरांनी घ्यावी असे मला वाटते.

अर्थशास्त्रात १९६२ पासून दोन देशांमधला व्यापार त्यांच्या अर्थव्यवस्थांच्या आकारावर आणि अंतरावर अवलंबून धरतात. २००८ साली शंभराहून अधिक शोधनिबंधांचा एकत्रित आढावा घेतला गेला. अंतर १० टक्क्यांनी वाढले की व्यापार सरासरी ९ टक्क्यांच्या आसपास घटतो, असे त्यात दिसले. वाहतूक स्वस्त झाली तरी हा परिणाम ओसरलेला नाही. किलोमीटरच्या आकड्यामागे भाषा, ओळख आणि विश्वास असे बरेच काही दडलेले असावे.

आज सर्वांत जास्त अंतरे संगणक मोजतात. मजकूर, चित्र किंवा आवाज यांचे सदिशात, म्हणजे शेकडो आकड्यांच्या यादीत, रूपांतर होते आणि शोधयंत्र त्यांतले जवळचे सदिश शोधते. बऱ्याच ठिकाणी त्यासाठी कोसाइन अंतर वापरतात, म्हणजे एकातून दोन सदिशांमधल्या कोनाचे कोसाइन वजा. ते त्रिकोण असमानता पाळत नाही. ४५ अंशांवरच्या दोन पायऱ्यांची बेरीज ०.५९ च्या जवळ येते, पण थेट ९० अंशांचे अंतर १ आहे. म्हणजे वळशाची वाट थेट वाटेपेक्षा कमी! याचा प्रत्यक्ष तोटा होतो. एक बिंदू दूर आहे हे कळल्यावर त्याच्या आसपासचे सगळे न तपासताच वगळायचे, ही १९७३ पासूनची झटपट शोधाची युक्ती त्रिकोण असमानतेवरच उभी आहे. ती अट नसेल तर वगळलेल्यांत योग्य उत्तर असू शकते. कोसाइनऐवजी कोनच वापरला की अट पाळली जाते आणि जवळ-दूरचा क्रमही तोच राहतो, तरीही अनेक साधने कोसाइनच वापरत राहतात. १९९९ साली आणखी एक अडचण समोर आली. मिती, म्हणजे सदिशातले आकडे, वाढत गेल्या की बऱ्याच प्रकारच्या विदांमध्ये सर्वांत जवळचा आणि सर्वांत दूरचा बिंदू जवळपास सारख्याच अंतरावर येतात. आणि जिथे अंतराच्या जागी सदिशांचा नुसता अंतर्गुणाकार (आकडे जोडीजोडीने गुणून केलेली बेरीज) वापरला जातो तिथे पहिली अटही गळते: एखाद्या सदिशाला स्वतःपेक्षा दुसराच कोणी अधिक जवळचा ठरू शकतो. तरीही साधनांच्या यादीत हा पर्याय अंतर याच शीर्षकाखाली दिलेला असतो.