फेडररचा बॅकहँड: नदालने दाबलेली बाजू कशी सुटली

टेनिसपटू रॉजर फेडररच्या फोरहँडबद्दल, म्हणजे उजव्या बाजूच्या फटक्याबद्दल, कधी फारसे दुमत नव्हते. चर्चा व्हायची ती एकहाती बॅकहँडची, म्हणजे डाव्या बाजूला हात आडवा नेऊन मारायच्या फटक्याची, आणि तिला कारण त्याचा प्रतिस्पर्धी राफाएल नदाल. नदाल डावखुरा. त्याचा तिरका फोरहँड भरपूर टॉपस्पिन (चेंडूला पुढच्या दिशेने दिलेली गिरकी) घेऊन थेट उजव्या हाताने खेळणाऱ्या फेडररच्या बॅकहँडवर यायचा आणि टप्पा पडताच खांद्याच्या वर उसळायचा.

एकहाती बॅकहँडला चेंडू कंबर ते छाती या उंचीवर आणि शरीराच्या पुढे हवा. तो खांद्यावर गेला की हातातला जोर संपतो. दोन हातांनी मारणाऱ्याला मिळणारा दुसऱ्या हाताचा आधार इथे नसतो. मग बेसलाइनच्या (कोर्टाच्या मागच्या रेषेच्या) बरेच मागे सरायचे किंवा स्लाइस करायचा, म्हणजे चेंडू खालून कापत मारायचा. मागे सरले की कोर्ट मोकळे पडते, स्लाइस आखूड पडला की नदाल पुढे येऊन फटका संपवतो. शिवाय फेडररच्या रॅकेटचे तोंड होते अवघे ९० चौरस इंच. उसळता चेंडू किंचित चुकला की तारांऐवजी चौकटीला लागून भलतीकडे जायचा.

२०१३ च्या उन्हाळ्यात त्याने मोठी रॅकेट चाचपून पाहिली, २०१४ पासून ती कायम केली. पुढे ९७ चौरस इंचांचे मॉडेल त्याच्या नावाने निघाले. पण सगळे श्रेय रॅकेटला देणे मला पटत नाही. २०१४ च्या जानेवारीतच मेलबर्नला, ऑस्ट्रेलियन ओपनच्या उपांत्य फेरीत नदालने त्याला सरळ सेटमध्ये हरवले होते.

खरा बदल २०१७ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये दिसला. गुडघ्याच्या दुखण्यामुळे सहा महिने बाहेर राहिलेला, ३५ वर्षांचा फेडरर नदालविरुद्धच्या अंतिम सामन्यात बेसलाइनला चिकटून उभा राहिला. चेंडू खांद्यापर्यंत चढण्याआधीच, टप्प्यावरून वर येतानाच तो फटका मारत होता. त्यासाठी रॅकेट मागे नेण्याची हालचाल छोटी लागते, खांदे लवकर वळावे लागतात आणि फटक्याच्या क्षणी डावा हात मागे जाऊन छाती आडवी राहावी लागते. छाती आधीच नेटकडे उघडली की चेंडू भरकटतो. सर्व्हिस परतवतानाही नुसता स्लाइस न करता तो सपाट, जोरकस फटके मारू लागला. मोठे तोंड इथे कामी आले, कारण इतक्या लवकर मारताना थोडीफार चूक ठरलेलीच. पाचव्या सेटमध्ये १-३ असा मागे पडूनही त्याने सलग पाच गेम घेतले आणि सामना जिंकला.

त्या वर्षी इंडियन वेल्स, मायामी आणि शांघायच्या स्पर्धांमध्येही त्याने नदालला हरवले. हे चारही विजय हार्ड कोर्टवरचे, म्हणजे कठीण पृष्ठभागाच्या कोर्टवरचे. रोलाँ गॅरोसच्या, म्हणजे फ्रेंच ओपनच्या, मातीवर चेंडू अधिकच उसळतो. तिथे दोघांची सहा वेळा गाठ पडली आणि सहाही वेळा नदाल जिंकला.